बाळूस पत्र: गुरुवारी वही घेऊन येजो

नागपूर,
२२ एप्रिल

प्रिय बाळू,

गुरुवारची धंतोलीच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट तू घेतलीस, हे वहिनींकडून कळलं आणि जीव भांड्यात पडला. संध्याकाळी घोट्यांवर सूज येते, हे तू होळीच्या वेळीच बोलला होतास. आता येतोच आहेस तर रिकाम्या हातानं येऊ नको. एक साधी वही घे आणि आजच लिहायला बस. एवढा हट्ट का करतो, ते आमच्या बाबांमुळे.

गेल्या मे महिन्यात बाबा कुलरमध्ये पाणी टाकता टाकता अंगणात खाली बसले, ते उठेचनात. आम्हाला वाटलं, ऊन लागलं. पारा ४५ च्या घरात, दुसरं काय वाटणार? कांदा झाला, कैरीचं पन्हं झालं. दोन दिवसांनी पुन्हा तेच, तेव्हा दवाखान्यात नेलं. बीपी निघालं ९६/६०. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "गोळ्या कुठे आहेत?" मी घरी धावलो आणि बाबांचा गोळ्यांचा स्टीलचा डबा उचलून आणला. त्यांनी त्यातली दोन पाकिटं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली, एक रुपेरी, एक निळसर, आणि दोन्हींवरच्या एकाच शब्दाखाली पेनानं रेघ ओढली. टेल्मिसार्टन ४०, बीपी कमी करायची गोळी. कंपन्या दोन, नावं दोन, औषध एकच! एक गोळी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांची, दुसरी गुडघे दाखवायला गेलो होतो तिथे लिहून दिलेली. तिथे आधीची गोळी चालू आहे हे आम्ही सांगितलंच नव्हतं. घामानं अंगातलं पाणी आटलेलं, त्यात दीड महिना दुप्पट डोस. आणि तो डबा रोज सकाळी मीच त्यांच्या हातात देत होतो. बाळू, हे मला अजून सलतं.

म्हणून पहिल्या पानावर तुझी प्रत्येक गोळी लिही. कंपनीनं ठेवलेलं नाव नको, आतल्या औषधाचं नाव आणि किती एमजी ते. मेडिकलवाला चार गोळ्या कापून देतो तेव्हा नावाचा तुकडा बरेचदा त्याच्याकडेच राहतो. आधी मोबाईलवर फोटो काढून घेत जा. गुडघा दुखला की तू मनानं जी दुखण्याची गोळी घेतोस, तीही लिही. तिनं बीपी वाढू शकतं, किडनीवर ताण येतो, अंगावर सूजही येऊ शकते. बीपीच्या काही गोळ्यांनीसुद्धा घोटे सुजतात. नेमकं कशानं ते डॉक्टरच ठरवतील, पण त्यांच्यासमोर सगळं आलं तर ना! वैद्यांचं चूर्णही सोडू नको.

आणि तो तंबाखू-सुपारीचा खर्रा. दिवसाचे किती, तो खरा आकडा लिही. वहिनींसमोर सांगायला अवघड वाटत असेल तर त्या पानाची घडी घालून डॉक्टरांकडे दे, पण लपवू नको.

बीपीचं मशीन घरात आहेच. सकाळी चहा-खर्र्याच्या आधी, गोळी घेण्यापूर्वी, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बस. दंड उघडा, हात छातीच्या उंचीवर टेबलावर. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोज आणि दोन्ही आकडे लिही, चांगला तेवढाच नको. संध्याकाळी पुन्हा. सूज किती वाजता दिसते, रात्री झोपून उठल्यावर उतरते का, एका पायाला की दोन्ही, तेही लिही. मात्र एकाच पायाला एकाएकी सूज आली, दम लागला किंवा छातीत दुखलं तर वही बाजूला ठेव आणि सरळ दवाखाना गाठ. गुरुवारची वाट पाहू नको.

शुगरसाठी आता दोन दिवस गोड बंद करून काही उपयोग नाही. एचबीएवनसी ही रक्ततपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांचं सगळं सांगते.

जुना ईसीजी शोध. तो कागद उन्हाउष्णतेनं पांढरा पडतो. बाबांचा असाच गेला, नुसत्या गुलाबी चौकटी उरल्या. तुझा वाचता येत असेल तर आजच झेरॉक्स काढ. नव्याशी ताडून पाहायला डॉक्टरांना जुना लागतो.

आत गेल्यावर सुजेचं आधी सांग. आपल्याला सवय असते, इकडचं तिकडचं बोलून उठता उठता मुख्य गोष्ट काढायची, तोवर पुढच्या पेशंटचं नाव पुकारलेलं असतं. वहिनींना सोबत आण. तू किती घोरतोस, हे त्याच सांगू शकतील. डॉक्टर जे सांगतील ते मी मागे बसून लिहून घेईन.

स्टेशनच्या मुख्य दाराशी रिक्षा ठरवून उभा असेन. गाडी सेवाग्रामहून सुटली की फोन कर. काकूंना नमस्कार.

तुझा,
विनू