लॅपटॉपच्या जाहिरातीत ग्राफिक्स कार्डचे वॅटही छापावेत

मा. संपादक,
स. न.

अभियांत्रिकीचे प्रवेश सुरू झाले की वृत्तपत्रांत लॅपटॉपच्या जाहिराती झळकू लागतात आणि दुकानात येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: आणखी काही हजार घालून आताच वरच्या दर्जाचे ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरची चित्रे आणि जड आकडेमोड हाताळणारा भाग) घ्यावे, की साधे घेऊन गरज पडल्यावर बदलावे? मी लॅपटॉपची विक्री आणि दुरुस्ती करतो, म्हणून याविषयी सविस्तर लिहावेसे वाटते.

‘पुढे बदलू’ हा पर्याय लॅपटॉपमध्ये जवळजवळ नसतोच. मागचे झाकण उघडले की एसएसडी (माहिती साठवण्याची पट्टी) एका स्क्रूवर बसवलेली दिसते आणि अनेक मॉडेलांत रॅमची पट्टीही दोन खिट्ट्या बाजूला केल्या की हातात येते. ग्राफिक्सची चिप, म्हणजे ज्याला आपण कार्ड म्हणतो ती, मात्र तांब्याच्या चपट्या नळ्यांखाली मदरबोर्डलाच सोल्डर केलेली असते आणि तिच्या मेमरीच्या चिपाही तिच्याभोवती तशाच पक्क्या बसवलेल्या असतात. वीजपुरवठ्याचे सर्किट आणि पंखे त्याच चिपेच्या हिशेबाने बनवलेले असल्यामुळे तिथे वरच्या दर्जाची चिप बसवणे व्यवहारात शक्य होत नाही. फ्रेमवर्क या अमेरिकी कंपनीच्या 16 इंची लॅपटॉपसारखे अपवाद आहेत, पण ते अपवादच. त्यामुळे निर्णय खरेदीच्या दिवशीच घ्यावा लागतो.

नेमकी इथेच ग्राहकाची माहिती अपुरी पडते. जाहिरातीत ‘आरटीएक्स 4060’ एवढेच ठळक छापलेले असते. प्रत्यक्षात ही कार्डे बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने लॅपटॉपसाठीच्या 4050, 4060 आणि 4070 या तिन्ही चिपांना 35 ते 115 वॅट वीज वापरण्याची मोठी मुभा दिली असून, त्यातला कोणता आकडा ठेवायचा हे लॅपटॉप बनवणारी कंपनी लॅपटॉपच्या बांध्याची जाडी आणि पंख्यांची ताकद पाहून ठरवते. एकाच नावाचे कार्ड एका सडपातळ लॅपटॉपमध्ये कमी वॅटवर आणि दुसऱ्या जाडजूड लॅपटॉपमध्ये पूर्ण वॅटवर चालते, आणि दोघांच्या कामाच्या वेगात चांगलाच फरक पडतो. कमी वॅटचे 4060 घेण्यासाठी जास्त पैसे मोजणाऱ्याला पूर्ण वॅटचे 4050 जवळपास तेवढेच काम देऊ शकते, हे त्याला कोणी सांगत नाही.

कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचेही तसेच आहे. 4050 मध्ये ती 6 जीबी असते, 4060 मध्ये 8 जीबी; पण 4070 वर गेले तरी ती 8 जीबीच राहते. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठे दृश्य रेंडर करणाऱ्याचे (त्याचे अंतिम चित्र तयार करणाऱ्याचे) किंवा मशीन लर्निंगची मॉडेले चालवणाऱ्याचे काम या मेमरीत मावले नाही, तर ते खूप मंदावते किंवा थांबतेच. म्हणून अशा विद्यार्थ्याने 6 वरून 8 जीबीवर जाणे मला योग्य वाटते, त्यापुढची उडी मात्र वॅट पाहिल्याशिवाय मारू नये.

पहिल्या वर्षाला सी, जावा किंवा पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषा शिकणाऱ्या आणि ऑटोकॅडमध्ये द्विमितीय आराखडे काढणाऱ्या मुलांना स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाची गरजच नसते, हे मी पालकांना आवर्जून सांगतो. तेच पैसे 16 जीबी रॅम आणि मोठ्या एसएसडीवर खर्च करावेत. शिवाय कार्ड असलेला लॅपटॉप जड असतो, त्याचा चार्जरही विटेएवढा असतो आणि बॅटरीवर असताना कार्ड पूर्ण ताकदीने चालत नाही.

ज्यांना कार्ड घ्यायचेच आहे त्यांनी दुकानातच एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमधील सिस्टिम इन्फर्मेशन उघडायला सांगावे. तिथे कमाल ग्राफिक्स पॉवर वॅटमध्ये दिसते. पण ही शोधाशोध ग्राहकाने का करावी? काही कंपन्या हा आकडा आपल्या संकेतस्थळावर देतात, म्हणजे तो दडवण्यासारखा नक्कीच नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार वस्तूचा दर्जा आणि क्षमता जाणून घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे, आणि फ्रिजवर विजेच्या वापराचे तारे छापता येतात तर लॅपटॉपच्या खोक्यावर कार्डाचे वॅट छापणे अवघड नाही. कंपन्यांनी आणि विक्रेत्यांनी जाहिरातीत कार्डाच्या नावाशेजारीच, त्याच आकाराच्या अक्षरांत, वॅट आणि मेमरी द्यावी, आणि आपल्या वृत्तपत्रानेही अशा जाहिराती स्वीकारताना तसा आग्रह धरावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक संगणक व्यावसायिक, सांगली