शेवग्याचा चोथा आणि दारावरची पाटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत युरोपची सहल करून आलेल्या एका गृहस्थांचा लेख वाचला. रस्ते चकचकीत, कुठे कागदाचा कपटा नाही वगैरे त्यांचं निरीक्षण बरोबर आहे. पण शेवटी ‘स्वच्छता त्या लोकांच्या रक्तातच असते’ असं त्यांनी लिहिलंय, ते काही पटलं नाही. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका नगरपालिकेतून स्वच्छता निरीक्षक म्हणून 2019 साली निवृत्त झालो. सध्या लेकीच्या बाळंतपणासाठी सौ.बरोबर जर्मनीत स्टुटगार्टला आलोय. सहलीच्या माणसाला इमारतीमागचे कचऱ्याचे डबे कोणी दाखवत नाही. मी ते रोज दोनदा बघतो.

आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात माझी शोभा झाली. लेक दवाखान्यात, जावई तिच्यापाशी, सौ. डिंक तळण्यात गुंतलेली. कचरा टाकायचं काम मी आपणहून घेतलं. मागच्या अंगणात डबे चार: ओल्याचा, कागदाचा, पॅकिंगचा आणि यातल्या कशातच न बसणाऱ्याचा. म्हटलं, हे तर आपलंच खातं. ओला कचरा पिशवीत बांधला आणि ओल्याच्या डब्यात टाकून आलो.

संध्याकाळी बेल वाजली. दारात तळमजल्यावरच्या आजी, वय ऐंशीच्या पुढे, हातात रबरी मोजे आणि माझी पिशवी. त्यांना इंग्रजी येत नाही, मला जर्मन येत नाही. त्यांनी पिशवीच्या प्लास्टिकवर दोनदा बोट टेकवलं, ‘नाइन, नाइन’ म्हणाल्या आणि पिशवी माझ्या हातात देऊन जिना उतरल्या. नाइन म्हणजे नाही, एवढं तोवर समजलं होतं. पिशवी आमचीच हे त्यांना कसं कळलं, हा प्रश्नच नव्हता. आत शेवग्याच्या शेंगांचा चोथा होता. त्या इमारतीत तो दुसऱ्या कोणाच्या घरातून निघणार?

ओल्याच्या डब्यात प्लास्टिक दिसलं तर गाडीवाले तो डबा तसाच ठेवून जाऊ शकतात, असं जावयांनी रात्री सांगितलं. मग आठ बिऱ्हाडांचा कचरा गाडीच्या पुढच्या फेरीपर्यंत तिथेच, तोही एका पिशवीपायी. आजींचा राग मला एकदम समजला. कचरा कागदात गुंडाळून टाकायचा, अशी इथली रीत. पण लेकीकडे रद्दीच नाही, ती पेपर मोबाइलवर वाचते. शेवटी लाडवांच्या डब्यांना गावाहून गुंडाळून आणलेले आपले अंक कामी आले. संपादक महोदयांनी राग मानू नये, अग्रलेखाचं पान जरा जाड असावं असं वाटतं, त्यातून पाणी गळत नाही.

मग आली पाटी. एका सोमवारी आमच्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी अडकवलेली दिसली. तिच्यावरच्या शब्दाचा उच्चार जावई ‘केअरवोखे’ असा करतात, मला तो ‘केरवोखे’ ऐकू येतो. वोखे म्हणजे आठवडा, आणि पहिल्या शब्दाचा अर्थ झाडणे. म्हणजे केराचा आठवडा! तेवढ्यात तरी जर्मन भाषा परकी वाटली नाही. ज्याच्या दाराला पाटी, त्याने त्या आठवड्यात जिना पुसायचा, तळघराची वाट झाडायची, दारापुढचा फुटपाथही झाडायचा. झालं की पाटी शेजाऱ्याच्या दाराला अडकवायची. लेक बाळंतीण, जावयांना ऑफिस, सौ.ला बाळंतिणीचं सगळं. मी बादली उचलली.

खरं सांगतो, अठ्ठावीस वर्षं मी पहाटे सहाला सफाई कामगारांची हजेरी घेतली, झाडणं कुठे राहिलं ते बोट दाखवून सांगितलं, पण स्वतः झाडू धरला तो चौसष्टाव्या वर्षी स्टुटगार्टच्या फुटपाथवर. घरचा ओला-सुकाही सौ.च वेगळा करायची. आजी खिडकीतून बघत होत्या. तिसऱ्या पायरीचा कोपरा राहिला होता, तो त्यांनी बोट दाखवूनच सांगितला.

आता रक्ताचं. या भागात 1714 साली ड्यूकने, म्हणजे तेव्हाच्या इथल्या संस्थानिकाने, गल्ल्या साफ ठेवण्याचा हुकूम काढला होता. रक्तात असतं तर हुकूम कशाला? स्टुटगार्ट शहराने या केराच्या आठवड्याची सक्ती 1988 मध्ये उठवली, पण घरभाड्याच्या करारांत ती अजून आहे. बाटल्यांचंही तेच. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीमागे 25 सेंट, म्हणजे आपले वीस-पंचवीस रुपये, अनामत घेतात आणि दुकानातल्या यंत्रात बाटली घातली की परत देतात. एकदाच वापरायच्या बाटल्या आणि पेयांच्या कॅनवर ही पद्धत 2003 पासून आहे. त्यामुळे बाटली रस्त्यावर दिसत नाही. दिसलीच तर ती उचलणारा कोणीतरी येतो, स्टेशनवर बॅटरी लावून डब्यात वाकून बघणारे म्हातारे मी पाहिलेत. सिगारेटच्या थोटकांवर मात्र अनामत नाही. आमच्या बसथांब्यापाशी येऊन त्या लेखकांनी थोटकं मोजावीत.

आपल्याकडेही सोड्याच्या बाटलीला अनामत असायचीच. 2018 च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेतही बाटलीवर परतीची रक्कम छापायची तरतूद होती. मी त्या वेळी नोकरीत होतो. दंडाच्या पावत्या आम्ही फाडल्या, पण बाटली परत घेणारा दुकानदार काही मला भेटला नाही. आणि ओला-सुका? बायकांनी दोन बादल्यांत वेगळा करून दिलेला कचरा आमची घंटागाडी कोपऱ्यावर एकत्र ओतायची, कारण गाडीला कप्पा एकच. ते लोकांनी बघितलं आणि वेगळं करणं सोडलं. लोकांना शिस्त नाही, असं मी तेव्हा बैठकीत म्हणायचो.

बाकी रुळलो. रविवारी दुपारी सौ.ने मिक्सर लावला तर लेकीने धावत येऊन बटण बंद केलं, रविवारी आवाज चालत नाही. खलबत्त्याचा पर्याय सौ.ने सुचवला, तो तर खालच्या छताला थेट ऐकू जातो. काचेच्या बरण्यासुद्धा रविवारी टाकायच्या नाहीत, खळ्ळकन वाजतात. बाळाला ओव्याची धुरी दिली तेव्हा छताचा धुराचा भोंगा असा कोकलला, की बाळापेक्षा आम्हीच जास्त रडवेले झालो. पिठाच्या पुड्यांवर आकडे असतात, 405 म्हणजे आपला मैदा, हे कळेपर्यंत आठवडाभर पोळ्या चिवट खाल्ल्या.

पुरवणीच्या लेखकांना माझी एवढीच विनंती, पुढच्या वेळी एखाद्या घरात आठवडाभर राहावं, शक्यतो पाटीच्या आठवड्यात.

आमचा व्हिसा तीन महिन्यांचा, अजून चोवीस दिवस आहेत. आम्ही निघण्याआधी पाटी पुन्हा एकदा येणार, असा हिशेब मी केलाय. लाडवांभोवतीचे आपले चारच अंक शिल्लक आहेत, ते तोवर पुरवायचे आहेत. सालांना कागद फार लागतो, म्हणून सौ. आता दुधी टाळते.

आपला वाचक,
एक निवृत्त स्वच्छता निरीक्षक, सध्या मुक्काम स्टुटगार्ट