ती 'एका दिवसात अख्खं गोवा'वाली बस नको

प्रिय आई-बाबा,

बाबांनी काल रात्री व्हॉट्सॲपवर टाकलेली ती टूरची जाहिरात बघितली. जुनं गोवं, मंगेशी, शांतादुर्गा, दोना पावला, मिरामार आणि वर संध्याकाळी मांडवीत बोटीची सैर, एसी बस, पुशबॅक सीट, सोबत गाईड, आणि दोघांचे मिळून पैसे इतके कमी की बाबांना वाटणारच, भरून टाकू लगेच. बाबा, थांबा जरा. फोनवर सांगायला गेले की आई म्हणणार "जाऊ दे गं, बसूनच तर फिरायचंय" आणि विषय तिथेच संपणार, म्हणून हे लिहून पाठवतेय. चष्मा लावा आणि दोघं मिळून वाचा.

नागपूरची मावशी आणि काका आले होते ना दिवाळीनंतर, तेव्हा काकांनी अशीच टूर तिकडूनच बुक करून आणली होती आणि सोबतीला माझंही तिकीट काढलं होतं. कुठल्या कंपनीची ते नाही लिहीत, कारण नाव बदलून बाकीच्याही तशाच आहेत, ऑफिसातल्या ज्याला विचारावं त्याच्याकडे पाहुण्यांची हीच कहाणी आहे.

सकाळी साडेआठला पणजीत रस्त्याच्या कडेला उभं राहायला सांगितलं होतं, उभे राहिलो. बस आधी कळंगुट-कांदोळीच्या हॉटेलांमधून एकेक माणूस गोळा करत येते हे कोणी सांगितलंच नव्हतं, त्यात पर्वरीला फ्लायओव्हरच्या कामाचा ट्रॅफिक, बस आली तेव्हा दहा वाजून गेले होते आणि मावशीने घरून आणलेला चिवडा फुटपाथवरच संपला होता. बसमध्ये एसी होता, म्हणजे आमच्या डोक्यावर गळत होता. काकांनी रुमाल कोंबून बंद केला. आणि आई, त्या बसची पहिली पायरी एवढी उंच की मावशीला मी खालून आणि काकांनी वरून धरलं तेव्हा ती चढली, आणि हे दिवसभरात प्रत्येक स्टॉपला दोनदा, एकदा उतरायला एकदा चढायला. तुझ्या उजव्या गुडघ्याचं काय होईल तूच सांग.

सगळ्यात आधी बस थांबली काजूच्या दुकानाशी. देवाआधी काजू! तिथे मात्र वेळेची काही घाई नव्हती, निवांत पाऊण तास. गाईड स्वतः दारात उभा राहून "ये वाला लो आंटी, बाहर दो नंबर का माल मिलता है" करत होता. नंतर ह्यांचा एक मित्र, जो पूर्वी टुरिस्ट गाड्या चालवायचा, तो म्हणाला की एवढ्या कमी तिकिटात डिझेल, ड्रायव्हर, पार्किंग काहीच भागत नाही, मग ते दुकानाच्या आणि जेवणाच्या हॉटेलच्या कमिशनवर भागवायचं. म्हणजे तिकीट स्वस्त का ते कळलं ना, राहिलेले पैसे आपल्याकडून दुकानात वसूल होतात आणि आपला वेळही तिथेच जातो. त्या पोराचा राग नाही येत मला, त्याला पगार किती आणि टिपवर किती जगतो कोण जाणे. पण आपण गोवा बघायला आलोय, काजूवर भाषण ऐकायला नाही.

आता जुनं गोवं. बाबा, तुम्हाला इथे सगळ्यात जास्त वाईट वाटलं असतं. बस पार्किंगला लागली आणि गाईड म्हणाला, "सामने चर्च है, देखके आधे घंटे में आ जाओ." स्वतः चहाला गेला. अर्ध्या तासात चालत जायचं, बॉम जेझस बॅसिलिकाच्या रांगेत लागायचं, रस्ता ओलांडून समोरचं से कॅथेड्रल बघायचं आणि परत यायचं. पंगतीत भातावर वरण पडेपर्यंत कोणी पत्रावळ उचलायला यावं तसं झालं. बॅसिलिकात मावशीने विचारलं की वर त्या पेटीत कोण आहे, तर बसमधल्याच एका बाईने सांगितलं, "पाचशे वर्षं झाली, अजून नखं वाढतात म्हणे." बास, एवढंच ज्ञान घेऊन सगळे परत आले. खरं म्हणजे पेटीतला तो सेंट झेवियर, ख्रिस्ती धर्मप्रसारक, १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारला, तिथून मलाक्कामार्गे त्याचं शव इथे आणलं, खालचं संगमरवरी काम इटलीतल्या फ्लोरेन्सच्या शिल्पकाराने केलेलं, चांदीची पेटी मात्र इथे गोव्यातच घडवलेली. दर दहा वर्षांनी ते शव खाली उतरवून लोकांना दर्शनाला ठेवतात, मागच्या वेळी २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत ठेवलं होतं, तेव्हा पणजीत पाय ठेवायला जागा नव्हती. आणि समोरच्या से कॅथेड्रलचा एकच मनोरा का दिसतो, तर दुसरा १७७६ साली पडला. हे सगळं पाच मिनिटांत सांगता येतं हो, पण पाच मिनिटं तिथे उभं राहायला माणूस हवा ना.

थोडं वर टेकडीवर सेंट ऑगस्टिनचा पडका मनोरा आहे, ४६ मीटर उंच, तिकडे बस जातच नाही. बाबा तुम्ही एवढी वर्षं इतिहास शिकवलात, तुम्हाला तर तिथे हात धरून न्यायला हवं. जॉर्जिया देशाची राणी केतेवान, १६२४ साली इराणात शिराझला तिला मारलं, तिच्या अस्थींचा काही भाग इथे आणून ठेवला होता. उत्खननात हाडं सापडली, हैदराबादच्या लॅबमध्ये डीएनए तपासून तिचीच असावीत असं ठरलं आणि २०२१ मध्ये आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्यातला अवशेष जॉर्जियाला नेऊन दिला. कुठली राणी, कुठे मेली, कुठे सापडली. आणि आमची बस त्या वेळी पार्किंगमध्ये हॉर्न मारत होती.

तिथून मंगेशी. पण मधल्या रस्त्यात गाईडने माईक घेऊन अंताक्षरी लावली आणि बायकोवरचे तेच ते विनोद, काका सोडून कोणी हसलं नाही. मला सगळ्यात जास्त चीड ह्याचीच आली. कारण जुनं गोवं आणि मंगेशी ही दोन वेगळी ठिकाणं नाहीतच, एकाच गोष्टीचे दोन भाग आहेत. मंगेश मूळचा तिकडचा, कुठ्ठाळीचा. पोर्तुगीज देवळं पाडायला लागले तेव्हा १५६० साली लोकांनी रातोरात देव उचलला आणि नदीपार आणला, कारण फोंड्याकडचा भाग तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. म्हाळसा वेर्ण्याहून आली, शांतादुर्गा केळशीहून, रामनाथ लोटलीहून. म्हणून तर फोंड्याला एवढी देवळं चिकटून चिकटून आहेत. एका दिवसात ती चर्चं आणि ही देवळं दोन्ही दाखवता आणि मध्ये नदी का ओलांडली ते सांगत नाही, मग माणसाच्या हाताला लागतं काय, फोटो.

मंगेशीला बसमधल्या अर्ध्या मुलांना हाफपँटवर आत सोडेनात, आधी कोणी सांगितलं नव्हतं, मग ते लुंग्या गुंडाळत बसले आणि सगळ्यांचा वेळ गेला. ती सात मजली दीपमाळ मावशीने मान वर करून धड बघितलीही नाही. आणि कवळ्याला तर काय सांगू, शांतादुर्गेला ओटी भरायची म्हणून मावशीने नागपूरहून खण आणला होता, रांगेत उभी होती, पुढे चार-पाच बायका राहिल्या होत्या आणि हा दारातून ओरडतोय "चलो चलो, खाना लेट हो जाएगा". ओटी तशीच पिशवीत परत आली. मावशी काही बोलली नाही पण बसमध्ये पूर्ण वेळ खिडकीकडे तोंड करून बसली होती. (नंतर रविवारी ह्यांनी मुद्दाम गाडी काढून तिला परत कवळ्याला नेलं, ते तिने तुला सांगितलं असेलच.)

जेवण ठरलेल्या हॉटेलात, पैसे वेगळे, मासळी गार आणि सोलकढी नुसती गुलाबी. पुढे सांगण्यासारखं फार नाही. मिरामार खिडकीतूनच, "लेफ्ट साइड देखिए", तिथे गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांची समाधी आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. पणजीत फेरीधक्क्याजवळ आबे फारियाचा पुतळा लागतो, समोर बाई पडलीय आणि हा हात पसरून उभा, तर गाईड म्हणे "भूत उतार रहा है". अरे, कांदोळीचा माणूस तो, १७५६ चा जन्म, संमोहनशास्त्रात युरोपात नाव काढलं त्याने! दोना पावलाला नेहमीची कथा, त्याच नावाच्या बाईने मच्छीमारावर प्रेम केलं आणि कड्यावरून उडी मारली, पुढच्या सीटवरच्या मुली हळहळल्या. तिच्या थडग्याचा दगड तिकडे राजभवनाच्या चॅपेलमध्ये आहे, चांगली मोठ्या घरची बाई होती ती. पण उडी मारली की स्टोरी विकते.

आणि ती बोटीची सैर. एक तास, कर्णकर्कश डीजे, आधी लहान मुलांनी स्टेजवर या, मग कपल्सनी या, मग फक्त जेंट्स, मध्ये दोन-तीन मिनिटं देखणी हा लोकनाच करून दाखवतात तेवढंच काय ते गोव्याचं. काकांनी कानात कापूस घातला. उतरल्यावर कळलं की बस परत आधी कळंगुटला जाणार, आमचं घर पर्वरीला, वाटेत सोडा म्हटलं तर हायवेला थांबता येत नाही. शेवटी रिक्षाने आलो आणि दिवसभराच्या तिकिटाच्या मानाने रिक्षावाल्याने जे घेतलं ते सांगत नाही, बाबांचं बीपी वाढेल.

आता कोणी म्हणेल की टॅक्सी परवडत नाही, गाडी चालवता येत नाही, एकच दिवस आहे, मग बस वाईट नाही. बरोबर आहे, त्यांच्यासाठी ठीक आहे. पण तुम्हाला इथे लेकीचं घर आहे ना! मला एवढंच कळतं की तुम्ही यायचं आणि कमी बघायचं. सगळं बघायचं नाहीये आपल्याला.

मी काय ठरवलंय ते सांगते. एक सकाळ फक्त आईची. लवकर निघून आधी कवळे, ओटी निवांत भरायची, मग रामनाथी, म्हार्दोळ, मंगेशी, सगळं जवळजवळ आहे, दमलीस तर देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, टेकायचं, प्रसादाचं जेवण मिळालं तर तेच जेवायचं. गाडी घरचीच, पायरी बुटकी. नातीची परीक्षा तेव्हा संपलेली असेल, तीही येईल, तिला देवळातल्या तळ्यातले मासे बघायचे असतात.

आणि एक दिवस बाबांचा. जुनं गोवं मनसोक्त, ऑगस्टिनच्या मनोऱ्यासकट, फक्त शुक्रवार नको कारण तिथलं पुरातत्त्वचं म्युझियम शुक्रवारी बंद असतं, आणि रविवारही नको, सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असतात. मग तिथूनच फेरीबोटीत गाडी चढवायची आणि दिवाडी बेटावर. बाबा, ऐका हं, सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ ह्या दिवाडीला होतं, गोव्याच्या कदंब राजांचं दैवत ते. पोर्तुगीजांनी पाडल्यावर पलीकडे नार्व्याला नेलं आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याचा जीर्णोद्धार केला, दारावर शिलालेख आहे. अलीकडेच दुरुस्ती करून २०२३ मध्ये देऊळ परत खुलं झालंय. दिवाडीहून नार्व्याला जायला दुसरी फेरीबोट आहे, म्हणजे देव ज्या पाण्यावरून गेला त्याच पाण्यावरून आपण जायचं. वर्गात शिकवताना तुम्ही गोव्याची मोहीम सांगायचात ना, मग! एकाही टूरच्या यादीत मला नार्वे दिसलेलं नाही.

बोटीत बसायची हौस असेल तर पणजीहून बेतीच्या फेरीत बसू, चालत जाणाऱ्याला तिकीट नाही, पाच-सात मिनिटांत पलीकडे, तीच मांडवी, तीच कॅसिनोची जहाजं, तोच अटल सेतू, आणि डीजे नाही. संध्याकाळी पणजीतल्या मळा भागात मारुतीला जाऊन फोंतेन्हास ह्या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांतून हळूहळू फिरू, तिथे मोठी बस शिरूच शकत नाही. फक्त आई, तिथे लोकांच्या दारात उभं राहून फोटो काढायचे नाहीत, राहतात ते तिथे, वैतागलेत बिचारे टुरिस्टांना.

बाबांच्या ज्येष्ठ नागरिक संघातले कुलकर्णीकाका वगैरे सोबत येणार असतील आणि त्यांना टूरच हवी असेल तर हरकत नाही, पण पैसे भरायच्या आधी त्यांना विचारायला सांगा की बस पहिल्यांदा कुठून निघते, दुकानाचे स्टॉप किती, देवळात किती वेळ देणार, गाईड आत येतो की पार्किंगमध्ये थांबतो, जेवण आणि बोट तिकिटात आहे का आणि रात्री नक्की कुठे सोडणार. उत्तर "सब हो जाएगा आंटी" असं आलं तर फोन ठेवून द्यायचा.

एसटीचं तिकीट काढलंत की तारीख कळवा, मला रजेचा अर्ज टाकायचाय. आंबोलीत वळणं आहेत, आईला गोळी आधी द्या, उलटी झाल्यावर नको. आणि लोणचं दोनच बाटल्या आणा, मागचं अजून आहे.

तुमची,
मनी