डिस्नेलँडमधला क्लब आणि बाबांचे गुडघे

अर्व्हाइन, कॅलिफोर्निया

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

मी इकडे खुशाल आहे. फोनवर आपले बोलणे नेहमीच होत असल्यामुळे ऑफिस, जेवणखाण आणि हवापाणी यांविषयी पुन्हा लिहीत नाही. हे पत्र मुद्दाम लिहायला बसलो, कारण मी एका महागड्या क्लबचा सभासद झालो, ही आत्याने सांगितलेली गोष्ट तुम्हा दोघांच्याही मनात घर करून बसली आहे हे बाबांच्या आवाजावरून मला कळले, आणि अशा गोष्टी फोनवर धड सांगून होत नाहीत.

सर्वांत आधी हे सांगतो की, मी कोणत्याही क्लबचे सभासदत्व घेतलेले नाही आणि घेणारही नाही. आत्याने पाहिलेला फोटो डिस्नेलँड या मनोरंजनाच्या बागेतल्या ‘क्लब 33’ नावाच्या खासगी क्लबच्या दाराशी काढलेला आहे. आमच्या कंपनीतले एक वरिष्ठ गृहस्थ तिथले जुने सभासद आहेत, आणि आमचे काम वेळेत पार पडले म्हणून त्यांनी आम्हा काही जणांना दुपारच्या जेवणाला तिथे नेले होते. बिल त्यांनीच दिले, माझा एक डॉलरही खर्च झाला नाही. आईने दारूविषयी विचारले, त्याचे मूळही माझ्या लक्षात आले आहे. डिस्नेलँडमध्ये 2019 पर्यंत सर्वसामान्य लोकांना मद्य मिळत नसे, मिळे ते फक्त या क्लबमध्ये, ही माहिती आत्याला कोणीतरी पुरवली असणार. माहिती खरी आहे, पण तिच्यावरून माझ्याविषयी निष्कर्ष काढू नये, एवढीच विनंती. मी लिंबाचे सरबत घेतले आणि माझ्या शेजारी बसलेल्या गुजराती सहकाऱ्यानेही तेच घेतले.

आता बाबांचा प्रश्न, की एवढे पैसे मोजण्यासारखे त्या क्लबमध्ये असते तरी काय. त्यासाठी हा क्लब कशासाठी काढला ते आधी सांगायला हवे. 1964-65 साली न्यूयॉर्कला जागतिक प्रदर्शन भरले होते. तिथे मोठमोठ्या कंपन्यांनी आपल्या पाहुण्यांसाठी वेगळी दालने ठेवलेली वॉल्ट डिस्ने यांनी पाहिली, आणि आपल्या बागेला पैसा पुरवणाऱ्या कंपन्यांच्या माणसांसाठी तशी एक जागा असावी असे त्यांच्या मनात आले. क्लब उघडला जून 1967 मध्ये; स्वतः डिस्ने त्याआधीच, डिसेंबर 1966 मध्ये, वारले होते. बागेच्या न्यू ऑर्लिन्स स्क्वेअर नावाच्या भागात, 33 रॉयल स्ट्रीट या पत्त्यावर, वरच्या मजल्यावर तो आहे. म्हणजे मुळात ही जागा व्यवहारातल्या पाहुण्यांसाठी होती. ज्या कंपनीला आपल्या बड्या ग्राहकाला खूश ठेवायचे आहे, तिला तो खर्च परवडतो, कारण तो तिच्या धंद्याचा खर्च असतो. आमच्या साहेबांचेही तेच आहे.

एखाद्या कुटुंबाने स्वतःच्या पैशांनी सभासदत्व घ्यायचे म्हटले, तर हिशेब पार बदलतो. एका खटल्याच्या निमित्ताने 2024 साली इथल्या वर्तमानपत्रांत जे आकडे छापून आले, त्यांप्रमाणे सुरुवातीचे शुल्क 50,000 डॉलर आणि त्यानंतरची वर्षाची वर्गणी 31,500 डॉलर होते. आपल्या पैशांत पहिली रक्कम 40 लाखांच्या वर आणि दुसरी दरवर्षी 25 लाखांच्या वर. त्यात बागेचे पास आणि पार्किंग मिळते, पण जेवणाचे पैसे वेगळे. बाबा, तुम्ही डेक्कन जिमखान्याचे उदाहरण दिलेत आणि ते मला पटले. तिथला सभासद बारा महिने पोहायला किंवा टेनिस खेळायला जातो, त्याची मुले तिथेच वाढतात, ओळखी होतात, आणि वर्गणी भरल्याचे समाधान राहते. इथे मात्र मनोरंजनाच्या बागेतला क्लब आहे. अगदी जवळ राहणारा हौशी माणूससुद्धा तिथे किती वेळा जाईल? ज्या जागेत रोजचे आयुष्य नाही, तिच्यासाठी आयुष्यभराची वर्गणी कशाला भरावी, हे मला अजून उमगलेले नाही.

इथल्या लोकांची एक रीत तुम्हाला नीट समजावून सांगावीशी वाटते, कारण ती समजल्याशिवाय हा सगळा प्रकार लक्षात यायचा नाही. इथे पैसे एकदा देऊन भागत नाही, ते पायरीपायरीने द्यायचे असतात आणि प्रत्येक पायरीवर माणूस ते बिनतक्रार देतो. आधी बागेचे तिकीट, जे गर्दीच्या दिवशी 200 डॉलरच्या पुढे जाते. मग राइडची रांग लांब असते म्हणून वेगळ्या रांगेचे वेगळे पैसे. मग क्लबचे प्रवेश शुल्क, मग वर्गणी, मग जेवणाचे बिल. आणि एवढे सगळे झाल्यावर टीप. ही टीप आपल्यासारखी बडीशेपेच्या बशीत ठेवायची सुटी नाणी नव्हेत. बिल एका लहानशा कातडी पाकिटात येते, त्याच्या तळाशी एक रिकामी ओळ असते, आणि त्या ओळीवर गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने बिलाच्या 18 किंवा 20 टक्के रक्कम लिहायची, खाली बेरीज मांडायची आणि सही करायची. ओळ कोरी ठेवणे हा वाढणाऱ्याचा अपमान समजतात, कारण त्याच्या मिळकतीचा मोठा भाग त्या ओळीवरच उभा असतो. साहेबांनी खिशातले पेन काढून क्षणभर मनाशी हिशेब केला आणि आकडा लिहिला, तेव्हा मला वाटले होते की इतकी वर्गणी भरणाऱ्याला तरी यातून सूट असेल. नसते. बाबांना हे अन्यायाचे वाटेल, पण इथे कोणालाही त्यात काही वावगे दिसत नाही, आणि आता मीही ती ओळ न चुकता भरतो.

क्लब आतून सुंदर आहे हे मात्र प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. 2014 साली त्याची मोठी डागडुजी झाली, तेव्हा एक नवे दालन काढले आणि जेवणाची जागा नव्याने सजवली. लाकूडकाम फार नाजूक आहे, वाढणारी माणसे अदबीने वागतात, आणि खिडकीतून खालची गर्दी दिसते पण तिचा कलकलाट वर येत नाही. जेवण चांगले होते, पण शाकाहारी माणसाला निवड कमी. मला तिथे सर्वांत जास्त काय आवडले असेल तर ती शांतता, आणि तेवढ्यासाठी दोन तास बरे वाटले. कोणी नेले तर पुन्हा जाईन, स्वतःच्या पैशांनी जाणार नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. क्लबच्या खाली एक छोटासा चौक आहे, त्याचे नाव कोर्ट ऑफ एंजल्स. त्यातून वळत वर जाणारा एक जिना आहे. हा चौक पूर्वी सर्वांना खुला होता. लोक तिथे सावलीत टेकायचे, जोडपी जिन्यावर फोटो काढायची. 2013 साली तो बंद केला आणि नव्या रचनेत तो क्लबच्या सभासदांच्या वाटेत गेला. आम्ही त्याच वाटेने वर गेलो. तिकीट काढून आलेल्या माणसाची सावलीची जागा काढून घ्यायची आणि तीच जास्त पैसे भरणाऱ्याला द्यायची, हे मला अजिबात रुचलेले नाही. क्लब महाग आहे, याला माझी हरकत नाही. ज्याला परवडेल त्याने जावे. पण सर्वांचे होते ते कमी करून तो मोठा होत असेल, तर त्याची किंमत बाहेर उभे असलेले लोकही भरत असतात.

आई, तू हळूच विचारलेस की बाबांचे गुडघे असे, मग पुढच्या वर्षी आलो तर त्यांना बसायला काही सोय होईल का, आणि त्यासाठी थोडे पैसे गेले तर जाऊ देत. तुझा हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. माझ्या एका सहकाऱ्यानेही सुचवले होते की डिस्नेचा टाइमशेअर घे, म्हणजे त्यांच्या निवासांत दरवर्षी काही दिवस राहण्याचा हक्क विकत घे, कारण फ्लोरिडातल्या एपकॉट बागेत अशा सभासदांसाठी 2016 पासून एक विश्रांतीची खोली आहे, तिथे थंड हवा, बसायला कोच आणि फुकट सरबते मिळतात. पण तो करार काही दशकांचा असतो, दरवर्षी देखभालीची वर्गणी असते, आणि आता दुसऱ्या कोणाकडून स्वस्तात तो करार विकत घेतला तर त्या खोलीत प्रवेशही मिळत नाही. शिवाय फ्लोरिडा इथून विमानाने पाच तासांवर. कोचावर तासभर टेकण्यासाठी इतके बांधून घेणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

बाबांसाठी मी वेगळे ठरवले आहे. बागेच्या दाराशीच दिवसाच्या भाड्याने चाकांची खुर्ची मिळते आणि बऱ्याच राइडांच्या रांगेतून ती तशीच नेता येते. मधल्या वेळात बसायला टिकी रूम आहे, जिथे 1963 पासून यांत्रिक पक्षी गातात आणि प्रेक्षक गार हवेत निवांत बसलेले असतात. क्लबच्याच खाली ब्लू बायू नावाचे उपाहारगृह आहे, तिथे आधी नाव नोंदवले की कोणालाही जेवता येते.

आणि बाबा, बागेभोवती एक आगगाडी फिरते. तिचे वेगळे तिकीट लागत नाही. रूळ तीन फुटी आहेत, म्हणजे माथेरानच्या गाडीपेक्षा फूटभर रुंद, आणि इंजिने खरोखर वाफेची आहेत. त्यांतले फ्रेड गर्ली नावाचे इंजिन 1894 साली बाल्डविन कारखान्यात बांधलेले असून ते पूर्वी लुइझियानातल्या उसाच्या मळ्यात ऊस ओढत असे. क्लबच्या मागेच त्या गाडीचे स्टेशन आहे. तिथे तारघराची एक जुनी खोपटी केली आहे, आणि तिच्यातून सारखा कट्ट-कडकट्ट असा आवाज येत राहतो. 1955 साली बाग उघडताना वॉल्ट डिस्ने यांनी केलेल्या भाषणाच्या पहिल्या ओळी त्या आवाजात आहेत. तो अमेरिकेतला जुना मोर्स, म्हणजे तारेची टिकटिक लिपी, आहे, तुम्ही रेल्वेच्या शाळेत शिकलात त्याहून काही अक्षरे निराळी, तरी अर्धेअधिक तुम्हाला ओळखू येईल अशी माझी खात्री आहे. साहेब आपली मोटार आणायला गेले तेव्हा मी तिथल्या बाकावर बसून ते ऐकत होतो, आणि तुम्ही दौंडला असताना मला मांडीवर घेऊन बोटाने टेबलावर माझे नाव वाजवून दाखवत असत, ते आठवले. त्या बाकासाठी सभासद असावे लागत नाही. आपण तिथे हवे तेवढा वेळ बसू.

आता घरचे. सोनूच्या लग्नाच्या कार्यालयाची उरलेली रक्कम मी काल बँकेतून पाठवली आहे. दोनतीन दिवसांत जमा होईल, तोवर बाबांनी मुदत ठेव मोडू नये. मागेही मी हे सांगितले होते आणि तुम्ही ऐकले नव्हते. केटररला पुरणपोळीचे वेगळे पैसे लागत असतील तर लागू द्यात, सोनूला जे हवे ते होऊ दे. मला रजा मात्र मोजकीच मिळाली आहे. सीमांतपूजनाच्या आदल्या दिवशी पोचेन आणि लग्नानंतर लगेच परतावे लागेल. गणपतीत आलो नाही, दिवाळीतही नाही, आणि आता बहिणीच्या लग्नात पाहुण्यासारखा येतो आहे, हे मला कळते. साहेबांकडे पुन्हा विचारणा केली आहे. वाढीव रजा मिळाली तर कळवतोच.

आत्याने सुचवलेल्या स्थळाविषयी मी नाही म्हटलेले नाही. मुलगी बंगळूरला नोकरी करते आणि तिला इकडे यायचे आहे की नाही, हे आधी तिला विचारावे, माझ्याकडून पत्रिका नंतर मागावी. सोनूच्या लग्नात तिच्या घरचे येणार असतील तर भेटायला माझी हरकत नाही. फक्त मांडवात सगळ्यांसमोर विषय काढू नये, एवढे आई आत्याला समजावून सांगेल.

व्हिसाच्या मुलाखतीला मुंबईला जाताना पहाटेची गाडी धरू नका, आदल्या दिवशी काकाकडे मुक्काम करा. टॅक्सीचे पैसे मी काकाला देऊन ठेवले आहेत. आणि बाबांनी गुडघ्यांचा एक्स-रे लग्नाच्या आधी काढून घ्यावा, नंतर काढू असे म्हणू नये. रिपोर्ट आला की फोटो काढून मला पाठवा.

थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

तुमचा,
नंदू