रजोनिवृत्तीतील हार्मोन उपचार: आकडे नीट वाचावेत

माननीय संपादक,

आपल्या आरोग्य पुरवणीत हार्मोनच्या असंतुलनावर नुकताच प्रसिद्ध झालेला लेख वाचला. पंचेचाळिशीनंतर प्रत्येक स्त्रीने सगळ्या हार्मोनच्या रक्तचाचण्या करून घ्याव्यात आणि हार्मोन उपचार मात्र कर्करोगाच्या भीतीने टाळावेत, असा सल्ला त्यात दिला आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून अनेक वर्षे काम केल्यानंतर मला हा सल्ला नेमका उलटा वाटतो. ज्याची गरज क्वचित पडते ते सर्वांना करायला सांगितले आहे, आणि ज्याचा शांतपणे विचार व्हायला हवा त्यावर एका वाक्यात फुली मारली आहे.

कर्करोगाची ही भीती मुख्यतः अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अभ्यासातून आली. त्यात गर्भाशय असलेल्या १६,६०८ स्त्रियांपैकी निम्म्या स्त्रियांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉन या स्त्री-हार्मोनसारखे कृत्रिम औषध) यांची एकत्रित गोळी, तर बाकीच्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिली जात होती. जुलै २००२ मध्ये हा भाग मुदतीआधी थांबवण्यात आला आणि स्तनाच्या कर्करोगात २६ टक्के वाढ झाल्याची बातमी जगभर गेली. आकडा खरा होता, परंतु २६ टक्के कशाच्या, हे फारसे कोणी सांगितले नाही. दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला साधारण ३० जणींना हा कर्करोग होत होता, तो गोळी घेणाऱ्यांमध्ये ३८ जणींना झाला. हृदयविकार, पक्षाघात आणि फुप्फुसातील गुठळ्या यांचे प्रमाणही याच हिशेबाने प्रत्येकी सात-आठने वाढले. खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण पाचने आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे सहाने घटले, ही बाजू बातम्यांत जवळजवळ आलीच नाही.

त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. त्यांतील बहुतेकींची पाळी थांबून बरीच वर्षे उलटली होती. अंगातून वाफा निघाल्यासारखे वाटून रात्रीतून चार वेळा जाग येणारी, दिवसा कामावर लक्ष न लागणारी पन्नाशीची स्त्री जेव्हा दवाखान्यात येते, तेव्हा तिला या आकड्यांच्या आधारे सरसकट नकार देणे योग्य नाही. याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात, गर्भाशय काढलेल्या १०,७३९ स्त्रियांमध्ये, केवळ इस्ट्रोजेन देऊन पाहिले होते. २००४ मध्ये तो भागही थांबवला गेला, कारण पक्षाघाताचे प्रमाण वाढले होते. पण स्तनाचा कर्करोग त्यात वाढला नव्हता, आणि पुढच्या पाठपुराव्यात तर तो कमीच आढळला. म्हणजे ‘हार्मोन’ या एका नावाखाली आपण निरनिराळ्या औषधांना एकाच मापाने मोजत आलो आहोत.

आज साठीच्या आत किंवा पाळी थांबल्यापासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू केले, तर त्रास असलेल्या बहुतेक निरोगी स्त्रियांच्या बाबतीत फायद्याचे पारडे जड ठरते, असे मानले जाते. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन किंवा तत्सम औषध द्यावेच लागते. एकट्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाचे अस्तर वाढत जाऊन तिथे कर्करोग होऊ शकतो. इस्ट्रोजेन पोटातून घेतले की ते आधी यकृतातून जाते आणि रक्त गोठवणारे घटक वाढवते. त्वचेवरील पॅच किंवा जेल हा टप्पा टाळतात, म्हणून गुठळ्यांची शक्यता असलेल्या स्त्रीसाठी त्यांचा विचार आधी होतो. स्तनाचा कर्करोग, पक्षाघात किंवा गुठळ्या पूर्वी होऊन गेल्या असतील, यकृताचा आजार सुरू असेल, तर सहसा हे उपचार देत नाहीत. अशांसाठी हार्मोन नसलेली औषधेही आहेत.

आता चाचण्यांविषयी. पाळी थांबण्याच्या सुमारास एफएसएच (बीजांडकोशांना चालना देणारे हार्मोन) आणि इस्ट्रोजेन यांची पातळी इतकी वरखाली होते की आजचा अहवाल पुढच्या महिन्यात निरुपयोगी ठरू शकतो. पंचेचाळिशी उलटलेल्या स्त्रीचे निदान तिचे वय, पाळीतील बदल आणि तिची लक्षणे यांवरूनच होते. थायरॉईडची टीएसएच चाचणी मात्र करून घेणे शहाणपणाचे, कारण थकवा, वजनवाढ, घाम ही लक्षणे तिथेही आढळतात. चाळिशीच्या आत पाळी थांबली तर गोष्ट निराळी. तिथे चाचण्या आवश्यकच आहेत, आणि हाडे व हृदय यांच्या रक्षणासाठी पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत तरी हार्मोन देणे हेच सहसा योग्य असते. लेखातील सरसकट इशारा वाचून सर्वाधिक नुकसान या तरुण स्त्रियांचे होण्याचा संभव आहे.

लेखात पुरुषांना टेस्टोस्टेरॉन ‘वाढवून घेण्याचा’ सल्ला सहज देऊन टाकला आहे, तोही खटकला. सकाळच्या वेळी, निदान दोनदा मोजून पातळी खरोखर कमी आढळली आणि तशी लक्षणेही असली, तरच हा उपचार करतात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले की मेंदूकडून वृषणांना जाणारे आदेश थंडावतात आणि शुक्राणूंची निर्मिती घटते. मूल हवे असणाऱ्या पुरुषाला हे आधी सांगायलाच हवे.

माझी विनंती इतकीच आहे, की पुढील अंकात या लेखाला पूरक माहिती द्यावी आणि धोक्याची टक्केवारी छापताना मूळ प्रमाणही शेजारी छापावे. लेखात जागा न मिळालेली एक सूचनाही त्यात असावी. हार्मोन सुरू केल्यावर पहिले काही महिने थोडे डाग दिसू शकतात आणि तेही डॉक्टरांच्या कानावर घालावेत. पण पाळी जाऊन वर्ष उलटल्यानंतर कोणताही उपचार चालू नसताना रक्तस्राव झाला, तर तो कितीही थोडा असला तरी तपासणी लांबणीवर टाकू नये.

आपली विश्वासू,
एक निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ