प्रदर्शनातल्या ताईंना, राणीच्या बागेबद्दल

प्रिय ताई,

स.न.वि.वि.

वयाच्या हिशेबाने मी तुम्हाला आशीर्वाद लिहायला हवा. पण त्या संध्याकाळी शिकवत तुम्ही होतात आणि शिकत मी, म्हणून नमस्कारच बरा. तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. तुमचं पुस्तकांचं प्रदर्शन इंदूरहून उठून पुढच्या गावाला गेलं आणि बिलावर नुसता शिक्का आहे, तेव्हा हे पत्र असं चारचौघांतच लिहितोय. कुणीतरी तुम्हाला दाखवेल. ओळख पटावी म्हणून सांगतो, दोन टेबलांच्या मधे उभं राहून टाळ्या वाजवणारा म्हातारा तो मी.

नातीच्या सातव्या वाढदिवसाला कवितांचं पुस्तक द्यायचं, एवढं माझं पक्कं होतं. कुठलं, ते नव्हतं. त्याआधी खजुरी बाजार पालथा घालून झाला होता. तिथे गाइडं, कुंज्या आणि स्पर्धा परीक्षांचे गठ्ठे. मराठी बालकविता म्हटलं की समोरून ‘अंकल, मंगवाना पडेगा’. त्यांची तरी काय चूक, असं गिऱ्हाईक महिन्यात किती येत असेल? त्यामुळे तुमच्याकडे मराठी पुस्तकांची रास दिसल्याबरोबर मी सगळ्यांत जाड ग्रंथाला हात घातला. कडक पुठ्ठा, गुळगुळीत कागद, जुन्या-नव्या कवींच्या निवडक बालकविता. औक्षणाच्या ताटाशेजारी ठेवायला भारदस्त. तुमच्या जागी दुसरं कुणी असतं तर लगेच पिशवीत घालून मोकळं झालं असतं. तुम्ही विचारलंत, “आजोबा, वाचणार कोण?”

नात, म्हटलं. “एकटीच?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग तुम्ही सगळं काढून घेतलंत. शाळा इंग्रजी माध्यमाची, देवनागरी येते ती हिंदीच्या तासामुळे, घरात आम्ही दोघं म्हातारे आणि मुलगा मराठी बोलतो, सूनबाई इथल्याच हिंदी घरातली, तिला कळतं सगळं पण बोलताना अडखळते. इंदुरातल्या निम्म्या मराठी घरांची हीच कथा. तुम्ही म्हणालात, “म्हणजे अक्षरं तिची पाठ आहेत, उच्चार नाहीत. हे पुस्तक ती डोळ्यांनी वाचेल आणि हिंदीत ऐकेल.”

हे मला कुणी कधी असं सांगितलं नव्हतं. घरी येऊन तपासलं. ‘चमचा’ आणि ‘चार’ हे शब्द कागदावर लिहून नातीला वाचायला दिले. च एकच, पण आपल्या तोंडात तो ‘चमचा’मध्ये वेगळा आणि ‘चार’मध्ये वेगळा. पोरगी दोन्हीकडे एकच च म्हणाली, आणि तिच्या बाजूने ते बरोबरच होतं, कागदावर फरक दिसतोय कुठे? ळ तर सरळ ल होतो. मला वाटायचं कवितेतलं यमक हे आपोआप सुधारून देईल. नाही देत. बाळ-माळ चं बाल-माल केलं तरी यमक तितकंच छान जुळतं. कविता काही अशा वेळी कान धरत नाही. ते कुणीतरी शेजारी बसून आधी म्हणून दाखवायला लागतं. म्हणून तुमचा पहिला प्रश्न ‘वाचणार कोण’ हा होता, हे मला नंतर उमगलं.

मग तुम्ही तो जाड ग्रंथ उघडलात, मधूनच, कुठलंही पान. पहिली कविता हरवलेल्या बालपणाबद्दल. आंब्याची झाडं, आजोळ, गेले ते दिवस. मला गहिवरून आलं. “तुम्हाला आलं,” तुम्ही म्हणालात, “तिचं बालपण अजून चालू आहे, तिला कसं येईल?” बालपणाची आठवण काढणारी कविता ही मोठ्यांची कविता असते, मग पुस्तकावर बाल हा शब्द कितीही मोठ्या टायपात छापलेला असो. दुसऱ्या पानावरच्या कवितेत एक कोंबडा होता, अगदी झकास आरवत होता, आणि शेवटच्या कडव्यात लवकर निजे लवकर उठेचा उपदेश करून मोकळा झाला. तुम्ही नुसतं तोंड वाकडं केलंत. तिसऱ्या पानावर गडद निळ्या चित्रावर काळी अक्षरं. माझा चष्मा काढून, लावून, दोन्ही करून झालं. सात वर्षांच्या मुलीने तिथे काय करायचं?

आता टाळ्या. ही गोष्ट मी तेव्हापासून ज्याला भेटेन त्याला सांगतोय. तुम्ही विचारलंत, लहानपणची एखादी तोंडपाठ कविता आहे का? मी तांब्यांची म्हटली:

या बाळांनो, या रे या
लवकर भरभर सारे या

“आता टाळीवर म्हणा,” तुम्ही म्हणालात. लोक बघत होते. म्हटलं, बघू देत, या वयात आता कशाची भीड. आणि टाळीवर म्हणताना जे साठ वर्षं नुसतं पाठ होतं ते पहिल्यांदा दिसलं. ‘या बाळांनो’ मध्ये चार लांब अक्षरं, आठ मात्रा. ‘लवकर भरभर’ मध्ये आठ आखूड अक्षरं, त्याही आठच मात्रा. म्हणजे पहिल्या ओळीत हाक मारली आहे आणि दुसरीत पोरं धावत सुटली आहेत, टाळी मात्र जागच्या जागी. आणि दोन्ही ओळींच्या शेवटी सहा मात्रा आणि दोनची जागा मोकळी, तिथे श्वास घ्यायचा. मात्रा मोजायला शाळेत मलाही शिकवलं होतं, लघु-गुरूच्या खुणा करून. टाळी वाजवायला कुणी सांगितलं नव्हतं. भा. रा. तांबे तर आपल्याच भागातले, 1873 साली मुंगावलीला जन्मलेले, ग्वाल्हेरचे राजकवी. इतकं जवळचं माणूस, आणि त्यांची ओळ कशी चालते ते एका परगावच्या मुलीने दाखवावं! (परगावची म्हटलेलं चालेल ना? तुमच्या बोलण्यावरून तुम्ही पुण्या-साताऱ्याकडच्या वाटलात.)

तुमची परीक्षा सोपी होती. उभ्या उभ्या दोन कविता मोठ्याने म्हणून बघायच्या, टाळी कुठे अडखळली तर पुस्तक खाली ठेवायचं. अर्थ नंतर. चित्रं त्याच्याही नंतर. एखादा शब्द मुलाला कळला नाही तरी चालतो, दोन-चार न कळणारे शब्द हवेतच, म्हणजे पोर विचारत येतं. पण जीभ अडखळायला नको. या परीक्षेत जाड ग्रंथ तिसऱ्याच पानावर नापास झाला. ‘संपूर्ण’ आणि ‘निवडक’ अशी नावं असलेली बाकीची दोन-तीन तुम्ही मला हातातही घेऊ दिली नाहीत.

आणि मग ते पातळ पुस्तक काढलंत. विंदा करंदीकरांची ‘राणीची बाग’. 2003 चा ज्ञानपीठ मिळालेले विंदा मला ठाऊक होते, पण मोठ्यांच्या कवितेतले. त्यांनी मुलांसाठी डझनभर पुस्तकं लिहिली आहेत आणि त्यांतलं हे 1961 सालचं, हे तुमच्याकडून कळलं. पुस्तक उघडून तुम्ही टेबलावर पसरलंत, ते तसंच पडून राहिलं. “मांडीवर दोघांच्या मधे असं राहायला पाहिजे. जाड पुस्तक मिटून घेतं, मग एक हात त्यालाच लागतो.” केवढी साधी गोष्ट. पुस्तकाचा आकार ठरवताना मांडीचा विचार करायचा असतो हे माझ्या तरी डोक्यात आलं नसतं.

सोबत विंदांचंच ‘पिशीमावशी आणि तिची भुतावळ’ घेतलं. त्यावर आमच्या सौभाग्यवतींनी घरी हरकत घेतलीच, वाढदिवसाला भुतं कसली देता म्हणून. मी म्हटलं, ती टीव्हीवर बघते ती भुतं यमक जुळवत नाहीत. वाद अजून मिटलेला नाही. पुस्तक कपाटाच्या वरच्या फळीवर आहे आणि ते कुठे आहे हे नातीला बरोबर ठाऊक आहे.

दोन्ही मिळून त्या ग्रंथाच्या निम्म्याहून कमी पैसे झाले. तुमच्या बिलाचा आकडा तुम्हीच खाली आणलात, ताई. मी जन्मभर बँकेत काढला, आपलं नुकसान करून गिऱ्हाइकाला शहाणं करणारा माणूस मला लांबूनही ओळखू येतो. आभार आहेत ते मुख्य याचे.

आता पुढचं सांगतो. वाढदिवसाच्या दिवशी पुस्तकाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही, रिमोटच्या गाडीपुढे त्याचं काय चालणार. तुम्ही हेही सांगून ठेवलं होतं, म्हणून मी गप्प बसलो. मग सकाळी शाळेच्या व्हॅनची वाट बघताना फाटकाशी उभं राहून एकेक कविता म्हणायला लागलो, तिला नव्हे, आपली आपल्याशी. तिचा पहिला प्रश्न आला तो नावावर. “आजोबा, ही राणी म्हणजे अहिल्याबाई का?” इंदूरच्या पोरीला दुसरी कुठली राणी सुचणार? मग तिला भायखळ्याची राणीची बाग सांगितली, जिला आता जिजाबाईंचं नाव आहे, आणि म्हटलं, आपल्याकडे नवलखाचं चिडियाघर आहे ना, कमला नेहरू, तसंच ते मुंबईचं. रविवारी तिथे जाऊन पुस्तकातले कोण कोण भेटतात ते बघून आलो. पिंजऱ्यातल्या वाघाने आमच्याकडे पाठ केली होती. नातीचा निष्कर्ष, त्याला कविता आवडली नसणार.

परवा मी घाईत एक ओळ गाळली. पायात बूट घालता घालता तिने ती ओळ भरली आणि मला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं. त्याहून गंमत सूनबाईची. रात्री झोपवताना आता ती वाचते, आणि तिच्या ळ वर लेक तिला थांबवते. “मम्मा, ल नाही, जीभ मागे ने.” बिचारी नेते. माझ्या मुलाचं लग्न होऊन नऊ वर्षं झाली, आम्ही कधी तिला हे सांगायला धजावलो नव्हतो.

एक मागणं आहे. तुमच्या टेबलावर सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी भरपूर होतं आणि त्यानंतर एकदम मोठ्यांच्या कविता. दहा-बारा वर्षांच्या मुलांनी मधे काय म्हणायचं? माझ्या बहिणीचा नातू त्या वयाचा आहे, त्याला प्राण्यांच्या कविता दिल्या तर तो तोंड फिरवतो आणि प्रेमाच्या दिल्या तर लाजतो. पुढच्या खेपेला त्या वयाचं, टाळीवर म्हणता येईल असं काही आणाल का? तुम्ही उभ्या उभ्या म्हणून बघितलेलं असेल तर मी पान न उघडता घेईन.

आणि विंदांच्याच ‘एटू लोकांचा देश’ची एक प्रत माझ्या नावाने बाजूला ठेवा. त्या दिवशी ते संपलं होतं. प्रदर्शन लागल्याचं कळलं की सकाळीच येईन, पोहे-जिलबी घेऊन, म्हणजे दुकान उघडायच्या आधी तुमचंही खाणं होईल. नातीलाही आणणार आहे. टाळ्या वाजवायला या वेळी मी एकटा नसेन.

आपला कृपाभिलाषी,
एक आजोबा
इंदूर