११ ते ४ ची वेळ आणि "हिंस्र" हा शब्द : सोसायटी अध्यक्षांना पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष,
गृहनिर्माण सहकारी संस्था,
तालुका वरोरा, जिल्हा चंद्रपूर.

दिनांक : २१ एप्रिल २०२५

विषय : प्लॉट क्रमांक १८ येथील कुत्र्यांबाबत काढलेली नोटीस मागे घेण्याविषयी, तसेच मागील कुंपणभिंतीच्या भगदाडाविषयी (पाचवा अर्ज).

महोदय,

व्यवस्थापक समितीच्या सहीशिक्क्याची ३ एप्रिलची नोटीस मला मिळाली. ती माझ्या हाती न देता फाटकाला चिकटवण्यात आली आणि मी सकाळी बाहेर पडेपर्यंत अर्ध्या लेआउटने ती वाचलेली होती, हे आधी नोंदवते. "प्लॉट क्रमांक १८ येथील तीन हिंस्र कुत्री सभासदांच्या अंगावर धावून जातात व रात्रभर भुंकतात, सबब त्यांना अंतर्गत रस्त्यांवर केवळ सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळेत फिरवावे," असे तीत लिहिले आहे. अठरा दिवस मी काही लिहिले नाही, कारण समितीतील कोणीतरी घरी येऊन दोन शब्द विचारील असे मला वाटत होते. कोणीही आले नाही.

माझी मुख्य तक्रार अशी की, तीन वेगवेगळ्या जनावरांना समितीने एकच ठरवले आणि कोणी काय केले याची चौकशी न करता तिघांना एकच शिक्षा दिली. चौतीस वर्षे मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले. वर्गाची काच फुटली की सगळ्या बाकाला उभे करायचे नाही, कोणी फोडली आणि का फोडली ते आधी विचारायचे, ही माझी रीत आपण स्वतः चौथीत असताना पाहिलेली आहे. ती ओळख मी या पत्रात आणणार नव्हते, पण नोटिशीखाली आपली सही पाहिल्यावर मला राहवले नाही.

ढग्या हा ग्रेट डेन जातीचा, सहाव्या वर्षातला, ६२ किलो वजनाचा कुत्रा आहे. मुलाची बदली परदेशी झाली तेव्हा त्याने तो माझ्याकडे आणून सोडला. त्याच्या आकाराकडे पाहून माणसे रस्ता बदलतात हे मला मान्य आहे, पण त्याचा आवाज या लेआउटमध्ये किती जणांनी ऐकला आहे, हे समितीने एकदा विचारून पाहावे. या जातीचे पूर्वज जर्मनीत रानडुकरांच्या शिकारीसाठी पाळले जात असत, आणि आमचा ढग्या रानडुकराची चाहूल लागली की माझ्या खाटेमागे येऊन उभा राहतो. त्याची एकच सवय आहे, आणि ती या जातीत सर्रास आढळते: ज्या माणसाविषयी त्याला आपुलकी वाटते त्याच्या मांडीला तो आपले अंग लावून टेकतो आणि हळूहळू सगळा भार टाकतो.

१६ मार्चच्या सकाळी नेमके हेच घडले. प्लॉट क्रमांक १७ चे सभासद, ज्यांना मी अकरा वर्षे भाऊजी म्हणत आले, दुधाची बरणी घेऊन माझ्या फाटकापाशी बोलत उभे होते. ढग्याच्या गळ्यात पट्टा होता आणि दोरी माझ्या हातात होती. तो त्यांच्याजवळ गेला आणि टेकला. त्यांचा तोल गेला, दूध सांडले, गुडघ्याला खरचटले. मी तेथल्या तेथे माफी मागितली, जखम डेटॉलने धुऊन देण्याची तयारी दाखवली आणि संध्याकाळी एक लिटर दूध त्यांच्या घरी पाठवले, ते परत आले. याच प्रसंगाला नोटिशीत "अंगावर धावून जाणे" म्हटले आहे. जवळ जाऊन टेकणे म्हणजे धावून जाणे नव्हे. दात तर सोडाच, त्याची जीभही भाऊजींना लागली नव्हती, आणि रस्त्यापलीकडून हे पाहणाऱ्या दोन सभासदांना समितीने काहीही विचारलेले नाही. गेल्या तान्ह्या पोळ्याला लेआउटमधली लेकरे लाकडी नंदी घेऊन माझ्या अंगणात आली, तेव्हा त्यांनी ढग्याच्याही कपाळाला कुंकू लावले. मी मुलांना बोजारा (पोळ्याची भेट) वाटून होईपर्यंत तो तसाच बसून राहिला होता. त्या दिवशीचे फोटो समितीतल्याच काही घरांत आहेत.

भुंकते ती तारा, हे मी लपवत नाही. ती जर्मन शेफर्ड आहे, आणि ही जात मुळात मेंढ्यांचा कळप राखण्यासाठी घडवलेली आहे. कॅप्टन माक्स फॉन श्टेफानित्स यांनी १८९९ साली या जातीची पहिली नोंद केली तीही कळप राखणारा कुत्रा म्हणूनच. त्यामुळे मुले पांगली की तारा त्यांच्याभोवती फेऱ्या घालून त्यांना एका जागी आणू पाहते. प्लॉट ६ च्या लहानीला याची भीती वाटली, हे कळल्यापासून मुले खेळत असताना मी ताराला बाहेर काढत नाही. कोणी तक्रार करण्यापूर्वीच मी हे सुरू केले होते. घरात रात्री कोणी पाणी प्यायला उठले तरी ती उठून पाहते आणि पुन्हा झोपते. अशी जागरूक कुत्री विनाकारण भुंकत नाही. ती का भुंकते हे मी समितीला लेखी कळवून दोन वर्षे होत आली.

मागच्या कुंपणभिंतीला नालीच्या कामाच्या वेळी पाडलेले भगदाड आजही तसेच आहे. माझा पहिला अर्ज १२ जून २०२३ चा, दुसरा ४ ऑगस्ट २०२३ चा, तिसरा ९ जानेवारी २०२४ चा आणि चौथा १८ नोव्हेंबर २०२४ चा आहे. चारही अर्जांच्या पोचपावत्या माझ्याजवळ आहेत आणि उत्तर एकाचेही नाही. भिंतीपलीकडे सोयाबीन आणि पऱ्हाटीची वावरे आहेत. रब्बी निघाली की रानडुकरांना वावरात खायला उरत नाही आणि ती वस्तीकडे वळतात. त्यातच प्लॉट १७ चे खरकटे आणि भाजीचा कचरा रोज रात्री नेमक्या त्या भगदाडाच्या तोंडाशी टाकला जातो. या वर्षी फेब्रुवारीपासून मी वहीत नोंद ठेवली आहे. तारा ज्या चौदा रात्री भुंकली, त्यांपैकी अकरा सकाळी तेथे डुकरांची उकर होती. उरलेल्या तीन रात्रींपैकी दोन लग्नाच्या वरातीच्या आणि फटाक्यांच्या आहेत. म्हणजे ज्यांच्या कचऱ्यामुळे जनावर आत येते, त्यांच्याच तक्रारीवरून त्या जनावराची वर्दी देणाऱ्या कुत्रीला नोटीस निघाली आहे.

येथे आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. दोन वर्षांपूर्वी नाल्याकाठी बिबट्याचे पगमार्क दिसले, तेव्हा तिन्ही कुत्री रात्री मोकळी सोडावीत म्हणून याच समितीचे तीन सदस्य माझ्याकडे आले होते. बिबट्या कुत्र्याला भक्ष्य समजतो, म्हणून मी नकार दिला, पण ताराला जाळीच्या ओसरीत ठेवले. त्या आठवड्यात ती रात्रभर भुंकली आणि सकाळी लोक तिला भाकरी आणून देत होते. तेव्हा तिच्या भुंकण्याचा त्रास कोणालाही झाला नव्हता.

लाडूबद्दल मात्र फार लिहिण्यासारखे नाही. तो लॅब्राडॉर आहे आणि त्याचा दोष एकच, तो खातो. २०१६ साली केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांना असे आढळले की, सुमारे चौथा हिस्सा लॅब्राडॉरमध्ये एका जनुकात बिघाड असतो आणि त्यामुळे त्यांची भूक भागत नाही. लाडू त्यांतला असावा असे मी समजते. गेल्या वर्षीच्या हनुमान जयंतीला त्याने महाप्रसादाच्या टोपल्यातले रोडगे खाल्ले, हे खरे आहे, आणि मी त्याच दिवशी दहा किलो कणीक आणि दोन किलो वांगी भरून दिली, हेही तितकेच खरे आहे. नोटिशीला जोडलेल्या टिपणात पहिली गोष्ट आहे, दुसरी नाही. तो इतका बिनधास्त का फिरतो, तर त्याला कोणी हाकलत नाही म्हणून. प्लॉट १७ च्या भिंतीवरूनच त्याला रोज दुपारी अर्धी भाकरी मिळते. देणाऱ्या हाताविषयी मला आदर आहे आणि त्या माउलीला अडचणीत आणण्याचा माझा हेतू नाही, पण ज्या घरातून तिघांना हिंस्र म्हटले जाते त्या घरात सर्वांचेच मत तसे नाही, हे समितीला कळले पाहिजे.

आता वेळेविषयी. नोटीस लिहिताना एप्रिल-मे महिन्यातले आपल्या भागातले ऊन कोणाच्याही डोळ्यांसमोर नव्हते का, हा प्रश्न मला या अठरा दिवसांत सतत पडला आहे. या महिन्यांत आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, अकरानंतर माणसे दार लावून कूलरसमोर बसतात, गुराखी गुरे झाडाखाली घेतो, आणि कुत्र्यांनी मात्र नेमके त्याच वेळी सिमेंटच्या रस्त्यावर चालावे, असा हा आदेश आहे. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. जो थोडा येतो तो पायाच्या गाद्यांना, आणि अंगातली उष्णता तो मुख्यतः धापा टाकूनच बाहेर काढतो. त्याच्या शरीराचे तापमान मुळातच ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. ढग्यासारख्या मोठ्या अंगाच्या कुत्र्याला तापलेले शरीर निववायला लहान कुत्र्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

तरीही नियम पाळावा म्हणून ६ एप्रिलला मी त्याला दुपारी साडेतीन वाजता बाहेर नेले. पहिल्या वळणापर्यंत तो चालला. मग एकेक पाय वर उचलू लागला, कारण खालचा रस्ता भाजत होता, आणि शेवटी कडुनिंबाच्या सावलीत जो बसला तो उठेना. त्याची जीभ लांब बाहेर आली होती आणि लाळ घट्ट झाली होती. माझे वय ६३ आहे, ६२ किलोचे जनावर मला उचलता येत नाही. प्लॉट २२ च्या मुलाने दोन बादल्या पाणी आणून त्याच्या पोटावर आणि पायांवर टाकले, ओल्या पोत्यावर त्याला बसवले, तेव्हा पाऊण तासाने तो घरी आला. त्याच्या डाव्या पुढच्या पायाची गादी सोलली होती, ती आता भरत आली आहे. त्या दिवसापासून मी नोटीस मोडून पहाटे पाच वाजता त्यांना फिरवते आहे, हे मी आपल्याला लेखी कळवते.

वेळ पुढेमागे करण्यालाही मर्यादा आहेत. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांच्या जठराला भरल्या पोटी पीळ पडण्याचा धोका असतो. तसे झाले तर काही तासांत प्राण जातो, आणि शस्त्रक्रियेसाठी आपल्याकडून नागपूर गाठावे लागते. त्यामुळे आधी फिरणे, मग विश्रांती, मग थोडे थोडे दोन-तीनदा खाणे, हा क्रम मला मोडता येत नाही. ग्रेट डेनचे आयुष्य सात ते दहा वर्षांचे असते. ढग्याच्या वाट्याला आता मोजकेच उन्हाळे उरले आहेत, आणि त्यांतला एकही मी अशा आदेशापायी घालवू इच्छित नाही.

नियमांचाच विचार करायचा तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. बहुमताच्या जोरावरही संस्थेला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लहान कुत्री चालतील आणि मोठी चालणार नाहीत असा भेद करता येत नाही, आणि भुंकणे हे बंदीचे कारण होऊ शकत नाही. विष्ठा उचलण्याविषयीही त्यांत सांगितले आहे. मी खुरपी आणि जुने वर्तमानपत्र नेहमी सोबत ठेवते. समितीने बंदी घातलेली नाही, वेळ ठरवून दिली आहे, असे सचिव म्हणतील, पण ज्या वेळेत जनावर जिवंत फिरू शकत नाही ती वेळ देणे म्हणजे बंदीच आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे आणि प्राणिमात्रांविषयी दया हे संविधानाच्या कलम ५१-क नुसार नागरिकाचे कर्तव्य आहे. शिवाय सभासदांवर असा कायमचा निर्बंध घालायचा तर उपविधींत दुरुस्ती हवी. ती सर्वसाधारण सभेत मंजूर व्हावी लागते आणि निबंधकांची मान्यता लागते. चार जणांच्या बैठकीत ती होत नाही.

प्लॉट ३, ९, ११ आणि २२ या घरांनी मला प्रत्यक्ष सांगितले आहे की त्यांना माझ्या कुत्र्यांचा त्रास नाही. शेजारधर्मामुळे ती मंडळी कागदावर सही करायला संकोचतात, म्हणून सह्या जोडलेल्या नाहीत. ज्या तक्रारीवर नोटीस निघाली तिच्यावरही एकच सही आहे, हे आपण पाहिलेच असेल.

माझी विनंती आहे की ११ ते ४ ची अट तत्काळ मागे घ्यावी आणि बैठकीच्या इतिवृत्तातून "हिंस्र" हा शब्द काढल्याची नोंद मला लेखी द्यावी. मागील भगदाड पावसाळ्यापूर्वी बुजवावे. विटा आणि एक पोते सिमेंट मी स्वखर्चाने देते, मजुरी संस्थेने द्यावी. प्लॉट १७ ला कचरा कुठे टाकावा याची सूचना द्यावी आणि ती त्यांच्याही फाटकाला चिकटवावी. त्याशिवाय आपण स्वतः एका संध्याकाळी सातनंतर माझ्या ओसरीत येऊन बसावे. भाऊजींनाही सोबत आणावे. तारा आधी भुंकेल, आपण बसलात की थांबेल. लाडू आपले खिसे हुंगेल. ढग्या जवळ आला तर पाय घट्ट रोवून उभे राहावे, तो टेकेल.

३० एप्रिलपर्यंत उत्तर न आल्यास या पत्राची प्रत सहायक निबंधकांकडे द्यावी लागेल. तशी वेळ येऊ नये, असे मला मनापासून वाटते.

आपली विश्वासू,
सभासद, प्लॉट क्रमांक १८

सोबत : तिन्ही कुत्र्यांच्या रेबीज लसीकरण पुस्तिकांच्या छायाप्रती, भिंतीबाबतच्या चार अर्जांच्या पोचपावत्या आणि फेब्रुवारीपासूनच्या रात्रींची नोंदवही.